खोदण्यापूर्वी



या व्यासपीठावरून आपण साहित्य, इतिहास, अर्थकारण, अध्यात्म अशा विषयांवर थोरामोठ्यांची व्याख्याने ऐकत आला आहात. आजचा विषय त्या पंगतीत सहजासहजी बसणारा नाही. रस्ता खोदण्यापूर्वी जमिनीखाली काय आहे हे कसे ओळखावे, आणि ते ओळखण्याचे शिक्षण प्रत्यक्ष खोदणाऱ्या मजुराला कसे द्यावे, एवढाच आमचा विषय आहे. आम्ही पदवीधर नाही. खोदकाम आणि बांधकाम करणाऱ्या मजुरांच्या संघटनेत आमची तीस वर्षे गेली. जे काही थोडेफार समजले ते दिवसा चराच्या काठावर उभे राहून आणि रात्री वाचनालयातली पुस्तके चाळून. तेव्हा बोलण्यात काही उणे राहिले तर ते आमचे समजावे; विषय मात्र उणा नाही.

प्रथम आपण ज्या जमिनीवर बसलो आहोत तिच्याकडे पाहू. पुण्याच्या मातीखाली बांधकाम करण्याची परंपरा जुनी आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर, नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या बांधीव मार्गाने शहरात आणले गेले, हे आपणांस ठाऊक आहे. त्या मार्गावर जागोजाग उच्छ्वास बांधलेले होते. हवा खेळावी, आत उतरून सफाई करता यावी, हा त्यांचा मुख्य हेतू. पण त्यांचा आणखी एक उपयोग होता. रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही, मग त्याला अक्षरओळख असो वा नसो, उच्छ्वास पाहून कळे की येथून खाली पाणी जाते आहे. पुढे शहर वाढले, उच्छ्वास बुजले, काही घरांच्या आड गेले. मार्च २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोचे खोदकाम चालू असताना एक जुने भुयार उघडे पडले आणि ते त्याच जलमार्गाचे असल्याचे सांगण्यात आले. ज्या वास्तूचा शहराला इतका अभिमान, तीसुद्धा नेमकी कोठे आहे हे यंत्राचा दात लागल्यावर समजले! मग जिचा अभिमान कोणी बाळगत नाही, त्या परवा टाकलेल्या केबलची काय कथा?

आज एखाद्या साध्या रस्त्याखाली काय काय असते? पिण्याच्या पाण्याचा बिडाचा नळ, त्यातून घरोघर गेलेल्या जोडण्या, सांडपाण्याची गटारे, विजेच्या केबली, रस्त्यावरच्या दिव्यांची निराळी केबल, टेलिफोनच्या जुन्या तांब्याच्या तारा, प्रकाशतंतूंच्या नळ्या, आणि आता स्वयंपाकाच्या गॅसचे पिवळे-नारिंगी प्लॅस्टिकचे नळ. प्रत्येकाचा धनी निराळा. विजेच्या केबली किती खोल असाव्यात याचे भारतीय मानक १९८३ सालचे आहे. घरगुती दाबाच्या केबलीला पाऊण मीटर, ११ हजार व्होल्टपर्यंतच्या केबलीला ९० सेंटिमीटर, आणि ३३ हजारांच्या केबलीला एक मीटर पाच सेंटिमीटर. केबल टाकली त्या दिवशी ती तेवढी खोल असेलही. परंतु मागाहून रस्ता उकरून सपाट केला, फुटपाथ खाली घेतला, तर केबल आहे तेथेच राहते आणि वरची माती जाते. म्हणून नकाशात ९० सेंटिमीटर लिहिलेली केबल चाळीसावर हाताला लागते. नकाशा खोटा नसतो, तो जुना असतो. आणि खोदणाऱ्याच्या हाती तो बहुधा पडतही नाही.

आता खोदतो कोण ते पाहू. काम देणारी संस्था एक, ठेका घेणारा दुसरा, त्याच्याकडून पोटठेका घेणारा तिसरा. त्याचा मुकादम पहाटे मजूर अड्ड्यावर येतो आणि दहा जणांना टेंपोत घालून नेतो. कोणी बीड-लातूरकडचा असतो, कोणी कलबुर्गी-यादगीरचा, कोणी बिहारचा. काम बहुधा उक्ते असते. इतके मीटर चर खोदला तर इतके पैसे. या उक्त्या कामाच्या पद्धतीत अपघाताचे मूळ आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्याला मीटरवर पैसे मिळतात त्याला थांबून पाहण्याची मजुरी कोणी देत नाही. तो जितका वेळ सावधपणे घालवील तितकी त्याची भाकरी कमी होते. अशा माणसाला "संभाळून खोद रे" असे सांगणे ही थट्टा आहे.

टिकाव केबलीला लागला म्हणजे काय होते? लोकांची समजूत अशी की विजेचा झटका बसतो. झटका बसतोच, पण मोठा घात होतो तो जाळाने. वेष्टण फाटून तारा एकमेकींशी किंवा टिकावाच्या लोखंडाशी भिडतात, आणि जो स्फोट होतो त्यात तांबेही वितळते. तांबे वितळण्यास १,०८५ अंश लागतात. तो जाळ त्याच्या कितीतरी पुढचा असतो. माणूस चरात वाकलेला, त्याचे हात आणि तोंड केबलीपासून दोन-तीन फुटांवर. पळायला जागा नसते.

अशी एक हकीकत आम्ही जवळून पाहिली आहे. रात्रीचे काम होते, सकाळी रस्ता मोकळा करून द्यायचा होता. अड्ड्यावरून आणलेल्या एका तरुणाचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. आम्ही नुकसानभरपाईसाठी गेलो तेव्हा ठेकेदाराने हजेरीपट पुढे केला. त्या मुलाचे नाव त्यात नव्हते! तो तेथे कामावर होता याचा पुरावा म्हणून त्याचे जळालेले हात तेवढे होते. खटला चालला, काही रक्कम मिळाली. पण टिकाव धरण्यापुरती त्याची बोटे पुन्हा मिटली नाहीत.

गॅसची गोष्ट निराळी. नळातला नैसर्गिक वायू स्वतः निर्गंध असतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. हवेत त्याचे प्रमाण शेकडा पाच ते पंधराच्या दरम्यान आले की एक ठिणगी पुरते. चरात फुटलेल्या नळाचा वायू चरातच राहील असा नेम नाही. तो गटारातून, केबलीच्या नळ्यांतून वाट काढीत पलीकडच्या घराच्या तळघरात शिरतो. म्हणजे हा प्रश्न केवळ मजुराचा नाही, फुटपाथच्या आतल्या बाजूस निजलेल्या कुटुंबाचाही आहे.

मग खालचे पाहण्याचा उपाय कोणता? विज्ञानाने तो केव्हाच दिला आहे. वाहत्या विजेजवळ होकायंत्राची सुई हलते हे ओर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञाने १८२० साली दाखविले. चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले तर जवळच्या तारेत आपोआप वीज उत्पन्न होते हे १८३१ साली फॅरडेने सिद्ध केले. हा फॅरडे लोहाराचा मुलगा. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना बांधायला आलेली पुस्तके वाचून तो शिकला. त्याच्या त्या शोधावर आजचे केबल हुडकण्याचे यंत्र चालते. कामावर त्याला लोकेटर म्हणतात. हातात काठीसारखे धरून जमिनीवरून न्यायचे. खालच्या केबलीतून वीज वाहत असेल तर तिचे क्षेत्र यंत्रातल्या वेटोळ्याला जाणवते आणि यंत्र आवाज देते. वीज वाहत नसेल तर दुसऱ्या एका पेटीने त्या केबलीत किंवा लोखंडी नळात आपण स्वतः संकेत सोडायचा आणि त्याचा माग काढायचा. याखेरीज जमिनीत रेडिओलहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी टिपणारे रडारही आता मिळते.

परंतु यंत्र आले म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट सांगतो. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. गोळी शरीरात नेमकी कोठे आहे हे डॉक्टरांना कळेना. तेव्हा टेलिफोनचा जनक ग्रॅहम बेल याने धातू हुडकणारे एक यंत्र तयार करून आणले. यंत्र तत्त्वतः ठीक होते. पण गोळी उजव्या अंगास आहे अशी मुख्य डॉक्टरांची खात्री, म्हणून शोध त्याच बाजूला करू दिला. शिवाय बिछान्यातल्या लोखंडी स्प्रिंगांनी यंत्राचा गोंधळ उडविला असे म्हणतात. १९ सप्टेंबरला गारफील्ड वारले आणि शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूस सापडली. हातात यंत्र होते, ते चालविणारा बेलसारखा माणूस होता, पण कोठे शोधावे हे ठरविण्याचा अधिकार भलत्याच्या खात्रीपाशी होता. आमच्या चरावरही बहुधा असेच घडते. "इथे काही नाही, खोदा" ही मुकादमाची खात्री असते.

तेव्हा शिक्षणाचा पहिला धडा असा की, यंत्र गप्प आहे म्हणून जमीन मोकळी आहे असे समजू नये. रस्त्यावरच्या दिव्यांची केबल घ्या. दिवसा दिवे बंद, केबलीत वीज नाही, यंत्राला तिचा पत्ता नाही. तीच केबल संध्याकाळी सातला जिवंत होते. शेजारी शेजारी दोन केबली असल्या तर यंत्राला एकच दिसू शकते. तीन तारांत वीज सारखी वाटलेली असली तर त्यांची क्षेत्रे एकमेकांना मारतात आणि भारी केबलसुद्धा क्षीण वाटते. गॅसचा प्लॅस्टिकचा नळ तर या यंत्राला कधीच दिसत नाही, त्याच्यासोबत तार टाकलेली असेल तरच. आणि रडार? कोरड्या मुरमात ते बरे चालते. आपल्या ओल्या काळ्या मातीत लहरी शोषल्या जातात आणि पडद्यावर राख फासल्यासारखे दिसते. दख्खनच्या काळ्या मातीवर काम करणाऱ्याने हे विसरून चालणार नाही.

हे सारे फळ्यावर लिहून शिकविता येत नाही. आमच्या संघटनेने एका मोकळ्या जागेच्या कोपऱ्यात शिकण्यासाठी एक पट्टा तयार केला. त्यात एक लोखंडी नळ, दोन केबली अगदी जवळजवळ, आणि एक प्लॅस्टिकचा नळ पुरला. शिकणाऱ्याने आधी नुसते डोळ्यांनी पाहायचे. झाकणे कोठे आहेत, व्हॉल्व्हची पेटी कोठे, दिव्याचा खांब कोठे, डांबरावर ठिगळ कोणत्या दिशेने गेले आहे. मग लोकेटर घेऊन प्रथम उभ्या, मग आडव्या रेघांनी सबंध पट्टा चालायचा. घाई करायची नाही, यंत्र झोपाळ्यासारखे हलवायचे नाही. जेथे आवाज तेथे रंगाची खूण. मग खुणेच्या बरोबर वर नव्हे, तर किंचित बाजूला फावड्याने हातखड्डा घ्यायचा आणि नळ किंवा केबल डोळ्यांनी पाहायची. टिकाव-पहारीला तेथे मज्जाव. जोवर डोळ्यांनी दिसले नाही तोवर ब्रेकर आणि जेसीबी दूर उभे.

पहिल्या दिवशी प्लॅस्टिकच्या नळावर यंत्र कोणाच्याच हातात बोलले नाही, आणि जवळजवळ सगळ्यांनी तो भाग मोकळा म्हणून सांगितला. यादगीरकडची एक बाई मात्र तेथे थांबली. तिने पायाने माती दाबून पाहिली, मूठभर हातात घेतली आणि म्हणाली, "ही माती आधी कुणीतरी उकरलेली आहे. हिच्यात विटेचा चुरा आहे." तिने खोदले आणि नळ निघाला. बंधूंनो, हे ज्ञान कोणत्याही यंत्रात नाही. वडार समाजातल्या आणि तिच्यासारख्या पिढ्यान् पिढ्या माती हाताळणाऱ्या माणसांना भरावाची माती आणि मूळची माती यांतला फरक बोटांना कळतो. काळ्या मातीत एकाएकी पिवळी बारीक वाळू लागली तर ती केबलीची गादी आहे. खोल जागी ओळीने विटा किंवा फरश्या लागल्या तर कोणीतरी खालच्या वस्तूचे रक्षण केले आहे. रंगीत पट्टी लागली तर ती कचरा नव्हे, इशारा आहे. यातले निम्मे मजुराला ठाऊक असते. त्याला ते बोलण्याची मुभा नसते. खरे शिक्षण त्याच्या जाणिवेला यंत्राची जोड देते. आणि ते मराठीइतकेच कानडीत, हिंदीत, रंगांनी आणि प्रात्यक्षिकाने दिले पाहिजे. इंग्रजीत छापलेल्या पत्रकावर अंगठा घेऊन नव्हे.

शेवटचा धडा म्हणजे लागलेच तर काय करावे हा. केबल लागली तर हत्यार सोडून दूर व्हावे, कोणी तिला हात लावू नये. जेसीबीचा दात विजेला लागला तर चालकाने आतच बसून राहावे, बाकीच्यांनी यंत्राला शिवू नये; आग लागून उतरावेच लागले तर यंत्राला आणि जमिनीला एकाच वेळी स्पर्श होऊ न देता, दोन्ही पाय जुळवून उडी मारावी. गॅसचा वास आला तर विडी नाही, मोबाइल नाही, चालू यंत्र बंद करणे नाही की बंद यंत्र चालू करणे नाही. माणसे लांब न्यावीत आणि लांबूनच कळवावे. आणि काहीही लागले, नुसता ओरखडा जरी उठला, तरी माती लोटून झाकू नये.

या झाकण्याची किंमत फार मोठी असते. ३० जुलै २००४ रोजी बेल्जियममध्ये गिलेंगिएन या गावी उच्च दाबाच्या गॅसवाहिनीचा स्फोट झाला. चोवीस माणसे मेली, शंभराहून अधिक भाजली. मदतीला धावलेले अग्निशामक दलाचे जवानही त्यांत होते. त्या नळाला बांधकामाच्या यंत्राने आधीच खोल ओरखडे पाडले होते. तेव्हा काही झाले नाही. पुढे वायूचा दाब वाढविला आणि जखमी नळ फुटला. ओरखडा उठल्याची वर्दी वेळेवर पोहोचली असती तर नळ दुरुस्त झाला असता. आपल्याकडे मजूर का झाकतो? कारण केबलीचे नुकसान त्याच्या मजुरीतून कापले जाईल अशी त्याला भीती असते, आणि ती भीती निराधार नसते. दंडाचा धाक घातला म्हणजे काळजी वाढते असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानी घ्यावे. दंडाने काळजी वाढत नाही, लपवालपवी वाढते.

सरकार काही करीत नाही असे आम्ही म्हणणार नाही. अमेरिकेत २००७ पासून ८११ हा एकच क्रमांक देशभर आहे. खोदण्यापूर्वी कळविले की ज्याची त्याची माणसे येऊन आपापली वाहिनी जमिनीवर रंगाने आखून देतात. आपल्याकडे २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे मोबाइलवरचे साधन सुरू झाले. खोदणाऱ्याने नोंद केली की त्या जागेखालच्या वाहिन्यांच्या धन्यांना सूचना जाते. साधन चांगले आहे. दरवर्षी सुमारे दहा लाख वेळा प्रकाशतंतूंच्या केबली तुटतात आणि तीन हजार कोटी रुपयांचे नुकसान होते, असा अंदाज त्या वेळी सरकारने दिला होता. आम्ही त्या आकड्याचे स्वागत करतो, पण त्यात केबल मोजली आहे, माणूस मोजलेला नाही. आणि ते साधन ठेकेदाराच्या खिशात असते; चरातल्या माणसाला उत्तर काय आले हे कोणी सांगत नाही.

कायद्याचेही पाहू. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली झालेल्या कायद्याची जागा आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. जीवास धोका वाटला तर मजुराने तो मालकाला व निरीक्षकाला सांगावा, अशी तरतूद तिच्यात आहे. सांगण्याचा हक्क मिळाला. पण सांगून झाल्यावर निर्णय येईपर्यंत टिकाव खाली ठेवण्याचे काय? आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने १९८८ साली बांधकाम-सुरक्षेचा जो करार संमत केला, त्यात निकटचा आणि गंभीर धोका दिसल्यास तेथून बाजूला होण्याचा मजुराचा हक्क स्पष्ट मान्य केला आहे. अड्ड्यावरच्या मजुराला हा हक्क कागदावर आणि त्याच्या रोजंदारीसकट मिळाला पाहिजे, असा आमचा आग्रह आहे. थांबल्याबद्दल उद्या कामावर घेतले जाणार नाही अशी धास्ती असेल, तर उत्तमातले उत्तम शिक्षणही पाण्यात गेले.

म्हणून आमच्या मागण्या तीन. पहिली, निविदेतच जमिनीखालच्या शोधाचे आणि हातखड्ड्यांचे काम निराळ्या ओळीत, निराळ्या दराने लिहिले जावे. आमच्या अनुभवाने शंभर मीटरच्या पट्ट्याला याकामी साधारण एक दिवस लागतो. तो एक दिवस कोणाच्या तरी भाकरीतून निघू नये. दुसरी, चर खोदणाऱ्या टोळीत निदान एक माणूस प्रत्यक्ष पट्ट्यावर शिकून तयार झालेला असावा आणि शिकण्याच्या दिवसांची मजुरी त्याला मिळावी. तिसरी, आपले नुकसान लपविणाऱ्याला शिक्षा असावी, सांगणाऱ्याला नसावी.

चौथी गोष्ट मागणी नव्हे, आपणांस विनंती आहे. रस्ता खोदला की आपण धुळीबद्दल आणि खोळंब्याबद्दल तक्रार करता, आणि ती रास्तच आहे. "लवकर आटपा" म्हणूनही सांगता. यापुढे आपल्या दारासमोर चर सुरू होताना एवढेच पाहावे की रस्त्यावर रंगाच्या खुणा आहेत काय. नसतील तर चरातल्या माणसाला रागावू नये. कामावरच्या अभियंत्याला गाठून विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर क्षेत्रीय कार्यालयात लेखी कळवावे. मजुराने विचारले तर त्याला टेंपोतून उतरवितात. आपण विचारलेत तर आपल्याला उत्तर द्यावे लागते.